टाळी वाजवली म्हणजे मन निर्मळ झालं का?

पत्राचा सारांश:

पत्र लिहिणारी वाचक तिशीतली आहे. दरवर्षी आपल्या जुन्या गटाबरोबर ती तीन दिवसांच्या खुल्या मैदानावरच्या संगीत महोत्सवाला जाते. सगळे तिथेच तंबू ठोकून राहतात. यंदा दुसऱ्या संध्याकाळी छोट्या स्टेजवर एक परदेशी बँड होता, आणि तो ज्या देशातला होता त्याच्याशी यांच्या देशाचे संबंध कित्येक वर्षं विकोपाला गेलेले आहेत. निवेदकाने देशाचं नाव घेताच गर्दीतल्या काहींनी हुर्यो उडवली. गटातली एक मैत्रीण काही न बोलता उठून तंबूकडे गेली. त्या देशाबरोबरच्या लढाईत तिच्या मामाचा पाय गेला होता. तिच्या पाठोपाठ आणखी दोघं उठले. पत्रलेखिका मात्र थांबली. आधी अवघडून उभी राहिली, मग रमली, मग नाचली. तो सेट, म्हणजे त्या बँडचा कार्यक्रम, तिला अख्ख्या महोत्सवात सरस वाटला. नंतर स्टॉलवर बँडची गायिका स्वतः रेकॉर्ड विकत बसली होती. हिने एक घेतली आणि उत्साहाच्या भरात म्हणाली, "तुम्ही तुमच्या देशातल्या लोकांसारख्या अजिबात वाटत नाही!" गायिकेने हसून पैसे घेतले, सुटे परत केले आणि पुढच्या माणसाकडे वळली. दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रिणीने विचारलं, "झालं नाचून?" तेव्हापासून गटात कोणी कोणाशी धड बोललेलं नाही.

वाचकाचे प्रश्न असे: मी तिथे आनंद घेतला हे चुकलं का? कौतुक करूनही गायिका का दुरावली, आणि तिला माफीचं पत्र पाठवू का? कलेला देश नसतो हे मैत्रिणीला कसं पटवून देऊ? पुढच्या वर्षी याच मंडळींबरोबर जावं का?

उत्तर:

स्टॉलवरच्या प्रसंगाला तुम्ही पत्रात सगळ्यांत कमी जागा दिली आहे. मी तोच आधी घेते, कारण बाकीच्या गाठी तिथून सुटायला लागतील असं वाटतं.

'मी तर कौतुकच केलं होतं,' असं तुम्ही लिहिता. कौतुक होतं आणि हेतूही चांगला होता, याबद्दल वाद नाही. पण ते वाक्य एकदा तिच्या जागी बसून ऐका. तुम्हाला ती आवडली, हे तिला कळलं. तिच्या देशातली माणसं काही बरी नसतात असं समोरची बाई धरून चालली आहे, हेही त्याच दमात कळलं. 'तुमच्या देशातले लोक' हा तुमच्या लेखी बातम्यांमध्ये दिसणारा जमाव असेल. तिच्यासाठी त्यात आई येते, गाणं शिकवणारी बाई येते, भाडं थकलं तेव्हा महिनाभर गप्प बसलेला घरमालक येतो. या सगळ्यांतून वेगळं काढून तुम्ही तिला पसंतीची पावती दिलीत, आणि ती घ्यायची तर तिने आपल्या माणसांबद्दलचं तुमचं मत मुकाट्याने मान्य करायचं, अशी ती अट. सुटे पैसे परत देऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळण्यापलीकडे तिने करायचं तरी काय होतं?

तुम्ही काही अघोरी बोललेल्या नाही. दौऱ्यावर फिरणाऱ्या कलाकारांनी हे वाक्य कितीतरी गावांत, कितीतरी भल्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं असतं. तेव्हा तिच्या रात्रीची झोप तुमच्यामुळे उडाली असेल, एवढं ओझं घेऊ नका. मला त्या वाक्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. पूर्वग्रह इतका टिकाऊ का असतो, हे त्यात उघडं पडतं. आपल्याला वाटायचं की एखादा चांगला माणूस भेटला, की त्याच्या लोकांविषयीचं वाईट मत आपोआप ढासळेल. तसं होत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पूर्वग्रहांवर १९५४ मध्ये लिहिताना ही खोड नेमकी पकडली होती. मनातलं कुंपण आपण क्षणभर उघडतो, त्या एका माणसाला आत घेतो, 'हा वेगळा आहे' म्हणतो आणि कुंपण पहिल्यासारखं बंद करतो. मत शाबूत राहतं आणि वर आपण मोकळ्या मनाचे असल्याचं समाधानही मिळतं. तुमच्या त्या वाक्यात हे सगळं तीन सेकंदांत उरकलं.

म्हणून तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकावर मला बोट ठेवायचं आहे. तुम्ही नाचलात, मैत्रीण उठून गेली. त्यावरून तुम्ही स्वतःला पूर्वग्रहमुक्त आणि तिला पूर्वग्रहदूषित अशा खात्यांत टाकलं आहे. पत्रभर ते जाणवतं. संगीत आवडणं हा त्याचा पुरावा होऊ शकत नाही. एखाद्या समाजाचं गाणं डोक्यावर घ्यायचं आणि त्या समाजाच्या माणसाला घर भाड्याने द्यायचं नाही, हे जगात सर्रास चालत आलं आहे. अमेरिकेतल्या गोऱ्या श्रोत्यांनी कृष्णवर्णीय वादकांना ज्या हॉटेलांत नाचता नाचता ऐकलं, त्यातल्या कितीतरी हॉटेलांत त्या वादकांना मुक्कामाला खोली मिळत नसे. श्रोत्यांच्या कानांत काही दोष नव्हता.

ऑलपोर्टनेच आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती महोत्सवाच्या मैदानाला चपखल लागू पडते. दोन गटांतली माणसं नुसती एकमेकांसमोर आली म्हणून पूर्वग्रह विरत नाहीत. दोघांचा दर्जा त्या ठिकाणी समान असावा लागतो, हातात एखादं समाईक काम असावं लागतं, ते एकमेकांच्या मदतीने करावं लागतं, आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा लागतो. आता मैदान आठवा. ती चार फूट उंच स्टेजवर, दिव्यांच्या झोतात. तुम्ही खाली अंधारात, हजारोंमधल्या एक. ती गाते, तुम्ही ऐकता. पुढे स्टॉलवर ती विकते, तुम्ही घेता. यात भेट अशी कुठेच झाली नाही. पुढच्या अभ्यासकांनी यात भर घातली की, समोरचा माणूस जेव्हा त्याच्या लोकांतला साधासुधा नमुना वाटतो, तेव्हाच त्याच्याविषयीचा जिव्हाळा त्याच्या लोकांपर्यंत पोचतो. तो अपवाद वाटला, की जिव्हाळा त्याच्यापाशीच थांबतो. तुम्ही तर तिला तोंडावर अपवाद ठरवलंत!

माफीचं पत्र मात्र पाठवू नका. तुमची घालमेल समजते, पण असं पत्र वाचणाऱ्यावर एक काम लादतं: 'अहो, काही हरकत नाही' असं म्हणून तुम्हाला मोकळं करण्याचं. परक्या देशात दौऱ्यावर असलेल्या बाईने ते का करावं? लिहायचंच असेल तर दोन ओळी लिहा, त्याही गाण्याविषयी. कुठलं गाणं आवडलं, त्यातली कुठली जागा आवडली. देशाचा उल्लेख नको, स्वतःच्या मनाचा तर नकोच.

आता आनंदाबद्दल. तो घेतलात यात काही चुकलं नाही, आणि त्यासाठी मैत्रिणीकडून किंवा माझ्याकडून परवानगी लागत नाही. खुल्या मैदानावर बासचा ठोका कानाआधी छातीत लागतो. शेजारचा अनोळखी माणूस त्याच ठोक्यावर हलत असतो आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत तो अनोळखी राहत नाही. एका तालात हालचाल केलेल्या माणसांना एकमेकांबद्दल आपलेपणा वाटू लागतो, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. घरी हेडफोन लावून हे मिळत नाही, म्हणून तर माणसं चिखलात तंबू ठोकतात.

पण हा आपलेपणा डोळस नसतो, हेही ध्यानात ठेवा. सैन्यातली कवायत याच गुणावर चालते. ज्या गर्दीने तुमच्याबरोबर ठेका धरला, त्याच गर्दीतले काही जण पाच मिनिटांपूर्वी एका सुरात हुर्यो उडवत होते, आणि त्यांनाही तेव्हा एकमेकांविषयी तितकंच आपलं वाटलं असणार. २०१४ च्या मे महिन्यात कोपनहेगनमध्ये युरोव्हिजन या देशादेशांमधल्या गाण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी झाली. रशियाने युक्रेनचा क्रिमिया गिळून दोन महिने होत होते. रशियाकडून गायला आलेल्या तोल्माचोवा या जुळ्या बहिणी होत्या, वय वर्षं १७. त्यांना गुण मिळाले की सभागृहातून हुर्यो उठायची. लोकांचा राग कशावर होता ते कळण्यासारखं आहे, आणि जिथे गुणच देशाच्या नावाने वाटले जातात तिथे राग देशाच्या नावाने निघणार, हेही समजू शकतं. तरी तो राग ज्यांच्या कानांवर पडला त्या दोन शाळकरी वयाच्या मुली होत्या. क्रेमलिनपर्यंत त्यातलं किती पोचलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. तुमच्या महोत्सवात तर देशवार गुणही नव्हते. आयोजकांनी गाणं ऐकून बँड बोलावला होता.

एवढ्यावर तुम्ही म्हणाल, मग मी तेच तर म्हणतेय, कलेला देश नसतो.

इथे माझं तुमच्याशी जमत नाही. हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण ते खरं नाही, आणि ज्याच्या मामाचा पाय गेला त्याच्यासमोर तर ते फारच स्वस्त वाटतं. कलेला पासपोर्ट असतो. तुमच्यासाठी मनगटावर प्रवेशाचा पट्टा बांधला की महोत्सव सुरू होतो. कमजोर पासपोर्टच्या बँडसाठी तो काही महिने आधी वकिलातीच्या रांगेत सुरू होतो आणि कधीकधी तिथेच संपतो. वोमॅड हा ब्रिटनमधला १९८२ पासून चालत आलेला महोत्सव जगभरच्या संगीतासाठीच ओळखला जातो. व्हिसाच्या कटकटीमुळे कलाकार येईनासे झालेत, अशी जाहीर तक्रार २०१८ मध्ये त्याच्या आयोजकांनी केली होती. छोट्या स्टेजवर कोण उभं राहणार यात परराष्ट्र खात्याचा हात संयोजकाइतकाच असतो. कोणत्या देशातल्या वादकाकडे 'परत जाणार नाही' अशा संशयाने पाहायचं, हे कुठल्यातरी टेबलावर आधीच ठरलेलं असतं. परराष्ट्र संबंधांमधला पूर्वग्रह हुर्योसारखा ऐकू येत नाही. तो अर्जावरच्या शिक्क्यात असतो, म्हणून आपल्याला दिसत नाही.

शिवाय सरकारंच कलेला कामाला लावतात. शीतयुद्धात, १९५६ पासून, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जॅझ वादकांना जगभर दौऱ्यांवर धाडलं. वंशभेदाच्या बातम्यांनी डागाळलेली प्रतिमा उजळावी, हा त्यातला एक हेतू. विख्यात कृष्णवर्णीय जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँगला सोव्हिएत संघात पाठवायची बोलणी चालू होती. सप्टेंबर १९५७ मध्ये लिटल रॉक शहरातल्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू नये म्हणून आर्कान्सा राज्याच्या गव्हर्नरने नॅशनल गार्डचे सैनिक दाराशी उभे केले. आर्मस्ट्राँगने भडकून जाहीर केलं की या सरकारच्या वतीने आपण जाणार नाही. तोच आर्मस्ट्राँग पुढे १९६० मध्ये परराष्ट्र खात्याच्या पाठबळावर आफ्रिकेत गेला. एकाच माणसाचं एकाच देशाशी असलेलं नातं तीन वर्षांत असं हेलकावे खातं. त्याचा ट्रम्पेट ऐकणाऱ्याने त्याला अमेरिकेचा दूत समजायचं की अमेरिकेचा टीकाकार? दोन्ही खरं होतं. तुमच्या गायिकेच्या मनातही स्वतःच्या देशाबद्दल असंच काहीतरी गुंतागुंतीचं असेल, आणि ते तिने स्टॉलवर तुम्हाला उलगडून सांगावं अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

तर मग कलाकाराला देशाचा हिशेब विचारायचा की नाही? मला वाटतं, कधीकधी विचारायचा, पण त्याच्या स्वतःच्या कृत्याचा. युक्रेनवर हल्ला झाल्यावर मार्च २०२२ मध्ये जर्मनीतल्या म्युनिक फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने आपला मुख्य संचालक, रशियन वालेरी गेर्गिएव, याला काढून टाकलं. पुतिन यांचा तो जाहीर समर्थक होता, क्रिमियाच्या वेळीही त्याने पाठिंबा दिला होता, आणि आता अंतर राखायला सांगितलं तेव्हा त्याने काही उत्तर दिलं नाही. हा निर्णय कोणाला कडक वाटेल, पण तो एका माणसाच्या वागण्यावर घेतलेला होता. त्याच महिन्यात कॅनडात अलेक्सांद्र मालोफेयेव या २० वर्षांच्या रशियन पियानोवादकाचे कार्यक्रम रद्द झाले. त्याने युद्धाविरुद्ध उघडपणे लिहिलं होतं. तरी रद्द झाले. पहिल्याच्या बाबतीत प्रश्न होता 'तू काय केलंस?' दुसऱ्याच्या बाबतीत 'तू कुठला?' एवढंच पुरलं.

स्पेनमध्ये बेनिकासिमला रोतोतॉम सनस्प्लॅश नावाचा मोठा रेगे महोत्सव भरतो. २०१५ मध्ये तिथे मातिसयाहू या अमेरिकन ज्यू गायकाला बोलावलं होतं. इस्राएलवर बहिष्कार मागणाऱ्या गटाच्या दबावाखाली आयोजकांनी त्याच्याकडे पॅलेस्टाइनच्या राज्याला पाठिंबा देणारं निवेदन मागितलं. त्याने दिलं नाही, आणि कार्यक्रम रद्द झाला. दुसऱ्या कुणा कलाकाराला गाण्याआधी अशी अट घातली होती का, असं त्याने जाहीरपणे विचारलं. चहूकडून टीका झाल्यावर आयोजकांनी माफी मागून त्याला परत बोलावलं. तो आला आणि पॅलेस्टाइनचे झेंडे फडकावणाऱ्या गर्दीसमोर गायला. पॅलेस्टाइनविषयी तुमचं मत काहीही असो, त्याचा तो प्रश्न जपून ठेवण्यासारखा आहे. तुमच्या महोत्सवात मोठ्या स्टेजवर जे बँड होते त्यांच्या सरकारांनी गेल्या वीस वर्षांत कुठे कुठे बॉम्ब टाकले, हे निवेदकाने नावं घेताना कुणाला आठवलं का? आठवलं नसेल, तर त्या छोट्या स्टेजवरच्या पाच जणांकडूनच हिशेब मागणारी वही कुठून आली?

बहिष्कार हा प्रकारच वाईट, असा सूर यातून निघू नये म्हणून एक जोड देते. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदी राजवटीवर सांस्कृतिक बहिष्कार टाका, असं आवाहन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८० मध्ये केलं होतं आणि त्याला भक्कम नैतिक पाया होता. १९८५ मध्ये अमेरिकन गायक पॉल सायमन जोहान्सबर्गला गेला, तिथल्या कृष्णवर्णीय वादकांबरोबर त्याने ध्वनिमुद्रण केलं आणि मोठं वादळ उठलं. बहिष्कार मोडला म्हणून वर्णभेदविरोधी कार्यकर्त्यांनी निदर्शनं केली. दुसरीकडे ह्यू मासेकेला आणि मिरियम मकेबा, दोघंही त्याच राजवटीपायी देशाबाहेर राहावं लागलेले कलाकार, १९८७ मध्ये त्याच्या दौऱ्यात सामील झाले. भली माणसं दोन्हीकडे होती. मी यावर अजून ठाम बाजू घेऊ शकत नाही. पण एवढं दिसतं की त्या बहिष्काराला नाव असलेली मागणी होती आणि तो संपण्याची अटही ठरलेली होती. तुमच्या मैदानावरची हुर्यो कधी थांबणार होती? त्या बँडने काय केलं असतं म्हणजे थांबली असती? हुर्यो उडवणाऱ्यांनाच विचारून पाहा, उत्तर मिळणार नाही.

आता तुमच्या मैत्रिणीकडे येते. तिच्या मामाचं तुम्ही एका वाक्यात उरकलंत आणि पुढच्या वाक्यात पुन्हा नाचण्याकडे वळलात. मला ते खटकलं. तिने हुर्यो उडवली नाही. कोणाला थांबवलं नाही. टाळ्या वाजवणं तिला शक्य नव्हतं, म्हणून ती शांतपणे उठून गेली. नको असलेल्या सेटवरून उठून जाणं हा श्रोत्याचा हक्क आहे, आणि तिने तो सभ्यपणे वापरला. तुम्ही मात्र पत्रात तिला आणि ओरडणाऱ्यांना एकाच रांगेत उभं केलं आहे. जखमेच्या जागी कोणी बोट लावू दिलं नाही, तर त्याला आपण द्वेष म्हणत नाही. त्या दुखण्यातून पुढे द्वेष तयार होऊ शकतो हे खरं. ते होऊ नये असं वाटत असेल तर वाद घालून ते थांबणार नाही.

म्हणून तिला काहीही पटवून देऊ नका. 'गायिकेने थोडीच तुझ्या मामाचा पाय तोडला' हे वाक्य तर ओठांवरही येऊ देऊ नका. ते तिला माहीत आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर हा विषय काढू नका, चार जणांच्या देखत तर नाहीच. तिला एकटीला भेटा. "तू उठून गेलीस तेव्हा मी तुझ्यामागे आले नाही, निदान नंतर तरी यायला हवं होतं," एवढं म्हणा. हे खरं आहे आणि यासाठी नाचण्याबद्दल माफी मागावी लागत नाही. मग मामांची चौकशी करा. ते कसे आहेत, काय बोलतात, त्या देशाविषयी बोलतात का. प्रत्यक्ष लढलेली माणसं पलीकडच्यांविषयी घरातल्यांपेक्षा शांतपणे बोलतात, असं कधीकधी दिसतं; कधी याच्या उलटही असतं. तुम्ही ऐकायला जा. तिने विचारलंच, "तुला तिथे कसं काय राहवलं?" तर गाणं आवडलं म्हणून, असं साधं उत्तर द्या. तत्त्वज्ञान नको. आणि जमलं तर स्टॉलवरचा प्रसंगही तिला सांगा. स्वतःला शहाणी समजणारी मैत्रीणही तिथे गडबडली, हे ऐकून कदाचित तिला हसूही येईल.

तिच्यामागे उठून गेलेल्या दोघांबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. ते मैत्रिणीच्या सोबतीला गेले असतील तर उत्तम. चारचौघांत देशभक्ती कमी पडू नये म्हणून गेले असतील, तर त्यांची थोडी थट्टा चालेल.

असाच पेच इतरही बऱ्याच जणांना पडतो, म्हणून काही गोष्टी जरा सगळ्यांसाठीच लिहिते. लाइन-अप, म्हणजे कलाकारांची यादी, जाहीर झाली की अनोळखी देशातल्या बँडविषयी दहा मिनिटं वाचावं. कुठल्या प्रांतातले, कुठल्या भाषेत गातात, वाद्य कोणतं, घरी सरकारशी त्यांचं कसं आहे. तिनारिवेन हा सहारा वाळवंटातल्या तुआरेग समाजाच्या वादकांचा, मालीतला बँड. २०१२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या या देशाच्या उत्तर भागात सशस्त्र कट्टरपंथीयांनी संगीतावर बंदी घातली, तेव्हा त्या भागातल्या वादकांना गाव सोडावं लागलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या विन्स्टन-सेलम शहरात त्यांचा कार्यक्रम ठरला आणि जाहिरातीत त्यांचे फेटे पाहून लोकांनी खाली दहशतवाद्यांसाठीच्या शिव्या लिहिल्या. ज्यांच्यामुळे यांचं संगीत बंद पडलं, त्यांच्यातच यांची गणती! दहा मिनिटं वाचलं असतं तर निदान एवढं तरी टळलं असतं. सभागृहाचे चालक बँडच्या बाजूने उभे राहिले, कार्यक्रम झाला.

गर्दीने हुर्यो उडवली तर उलट ओरडू नये. स्टेजवरून दोन्ही आवाज सारखेच ऐकू येतात. गाणं संपल्यावर जोरात टाळ्या वाजवाव्यात. शिवीगाळ किंवा फेकाफेकी असेल तर सुरक्षारक्षकाला सांगावं, त्यासाठीच ते असतात. स्टॉलवर बोलायचं तर वाद्याविषयी विचारावं, कोणाकडे शिकलात ते विचारावं, रांगेत मागे कोणी नसेल तर बराच वेळ विचारावं. युद्धाचा विषय आपण काढू नये. त्यांनी काढला तर ऐकावं, आणि 'आमच्याकडेही सगळे तसे नसतात' हे पालुपद लगेच सुरू करू नये. रेकॉर्ड स्टॉलवरच घ्यावी, तो पैसा बँडच्या हातात थेट पडतो.

आणि फोटोंबाबत जपा. 'शत्रूदेशातल्या मैत्रिणीबरोबर' असा मथळा देऊन सेल्फी टाकण्याचा मोह होतो. तुमच्या भिंतीवर त्याला शंभर बदाम मिळतील. पण ती पोस्ट तिच्या देशातही वाचली जाते, आणि तिथेही हुर्यो उडवणारे असतात. काही ठिकाणी ते सरकारी खुर्चीत बसलेले असतात. तिला विचारल्याशिवाय टॅग करू नका. तुम्ही आधीच असं काही टाकलं असेल, तर माफीच्या पत्राऐवजी आज ते काढून टाका.

पुढच्या वर्षी याच मंडळींबरोबर जा. गटाने सगळे सेट मिळून पाहिलेच पाहिजेत, हा नियम मात्र आता मोडा. तो तसाही कोणाला सोयीचा नसणार. कार्यक्रमपत्रिका आली की ज्याने त्याने आपले बँड निवडावेत आणि रात्री तंबूपाशी कधी जमायचं तेवढं ठरवावं. त्या देशातला बँड पुन्हा आला तर तुम्ही ऐकायला जा, तिला चलण्याचा आग्रह करू नका, आणि ती आलीच तर तिच्या चेहऱ्याकडे बघत बसू नका.